कंपनातून वीज: सगळी करामत स्विचच्या वेळेत

व्हॉट्सॲपवर परत तो मेसेज फिरतोय, हायवेवर स्पीडब्रेकरखाली यंत्र बसवा आणि सातारा ते कराड सगळे दिवे फुकटात लावा. फुकट काही नाही हो, दबलेली गाडी परत वर चढवायला इंजिन जास्तीचं पेट्रोल जाळतं, म्हणजे वीज गाडीवाल्याच्या खिशातून येते. आणि येते तरी किती? १००० किलोची गाडी ५ सेंटिमीटर खाली दबली तर ४९० ज्यूल, एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे कणभरही वाया न घालवता ७००० हून जास्त गाड्या गेल्यावर एक युनिट. असले मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढा गुणाकार करायला काय हरकत आहे?

पण कंपनातून वीज मिळते हे खरंय, फक्त जागा योग्य पाहिजे. कृष्णाकाठच्या पंपहाऊसमधली १४४० आरपीएमची मोटर घ्या, सेकंदाला २४ फेरे, शिवाय ५० हर्ट्झच्या सप्लायमुळे बॉडीत १०० हर्ट्झची गुणगुण. त्या १०० हर्ट्झला (सेकंदाला १०० कंपनं) जुळणारी पिझोची, म्हणजे वाकवली की वीज देणाऱ्या पदार्थाची, पट्टी एका टोकाला घट्ट बसवली की ती वाकत राहते आणि वीज देते (हा गुणधर्म क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला). मिळतात मायक्रोवॉट, फार तर मिलीवॉट. पण बेअरिंग किती तापलंय ते अधूनमधून रेडिओवर कळवणाऱ्या सेन्सरला तेवढं पुरतं, बॅटरी बदलायची कटकट नाही.

आता खरी मजा. पिझो स्वतःच एक कपॅसिटर, म्हणजे दोन प्लेटांवर चार्ज साठवणारा भाग, असतो. पट्टी उलटी वाकायला लागली की नवा चार्ज आधी प्लेटवरचा जुना चार्ज मारण्यात खर्ची पडतो, मग उलट्या दिशेने व्होल्टेज चढवण्यात, आणि त्यातून उरलं तर चार डायोडच्या ब्रिजमधून (उलटसुलट करंट एका दिशेचा करणारी जोडणी) तुमच्याकडे. डायोडमध्ये थोडं व्होल्टेज गळतं ते वेगळंच. यावरचा उपाय इतका सुंदर आहे की काय सांगू, पट्टी पूर्ण वाकली की नेमक्या त्याच क्षणी स्विचने कॉइल जोडायची. कपॅसिटर आणि कॉइल मिळून झोपाळ्यासारखं वागतात, एका बाजूने सोडला की दुसऱ्या बाजूला जवळपास तेवढाच वर जातो, तिथेच पकडायचा, म्हणजे करंट शून्य होताच स्विच उघडायचा. व्होल्टेज उलटं झालं, चार्ज जवळपास वाचला, आता नवा चार्ज सरळ कामाला! कपॅसिटर (सी) २० नॅनोफॅरड आणि कॉइल (एल) १० मिलीहेन्री धरा, उलटायला लागणारा वेळ म्हणजे π√एलसी काढा, ४४ मायक्रोसेकंद येतात, आणि १०० हर्ट्झचं अर्धं सायकल ५००० मायक्रोसेकंदांचं. एवढ्याशा फटीत सगळं. एमआयटीच्या योगेश रामदास आणि अनंथा चंद्रकासन यांनी २०१० मध्ये असं सर्किट मांडलं, साध्या ब्रिजपेक्षा ४ पटीहून जास्त पॉवर काढणारं.

अडचण एकच, ती वेळ ओळखणारं सर्किटसुद्धा त्याच मायक्रोवॉटांवर जगतं. त्याने जास्त खाल्लं तर सेन्सरला काही उरतच नाही, आणि कॉइलचा रेझिस्टन्स जास्त असेल तर व्होल्टेज अर्धवटच उलटतं, म्हणून चांगली कॉइल घ्यायची तर ती मोठी होते, आणि मोठी कॉइल सेन्सरच्या छोट्या डबीत मावत नाही.