रिपोर्टवरची ‘नॉर्मल रेंज’ आली कुठून?

रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की डोळे आधी उजवीकडच्या रकान्यात जातात. आपला आकडा तिथल्या रेंजमध्ये बसला तर हुश्श, नाही बसला तर शेजारी ठळक टाइपात ‘एच’ किंवा ‘एल’. ही रेंज शरीरासोबतच जन्माला आली असावी, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती माणसांनी आखली, आणि सुरुवातीला तर अगदी थोडं रक्त पाहून आखली.

१८५२ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या कार्ल फिअरोर्ट यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी पहिल्यांदा मोजल्या. एका मोजणीला तीनेक तास लागत. पुरुषांत घनमिलिमीटरमागे ५० लाख आणि बायकांत ४५ लाख हे आकडे त्याच दशकातले. ते मोजक्याच मोजण्यांवर उभे होते, तरी पाऊणशे वर्षं एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिले.

हिमोग्लोबिनची गंमत आणखी वेगळी. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या हेरमान साली यांची ते मोजण्याची पद्धत आपल्याकडच्या दवाखान्यांनी आणि कॉलेजच्या प्रॅक्टिकलांनी कित्येक वर्षं वापरली. बारीक नळीत खालच्या खुणेपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं, बोट टोचून पिपेटमध्ये तोंडाने २० घनमिलिमीटर रक्त ओढायचं आणि त्यात सोडायचं. दहा मिनिटांत ते तपकिरी होतं. मग थेंब थेंब डिस्टिल्ड वॉटर घालत, काचेच्या काडीने ढवळत, बाजूच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत उजेडाकडे धरून बघायचं. ढगाळ दिवशी हात थोडा सैल सुटून पाणी जास्त पडलं की पेशंटचं रक्त जास्त भरलंच! शिवाय उत्तर टक्क्यांत यायचं, आणि शंभर टक्के म्हणजे किती यावरच एकमत नव्हतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन यांच्या उपकरणावर शंभर टक्के म्हणजे १०० मिलिलिटरमागे १३.८ ग्रॅम, तर सालींच्या मूळ मापाने १७ ग्रॅमच्याही वर. (आपण आजही ‘रक्त नऊ टक्के’ म्हणतो ते मात्र या टक्क्यांमुळे नाही. तो ‘ग्रॅम टक्के’तला (म्हणजे १०० मिलिलिटरमागे इतके ग्रॅम) ग्रॅम बोलण्यात गळून पडलाय.)

हा गोंधळ निस्तरायला घेतला रक्ततज्ज्ञ मॅक्सवेल विन्ट्रोब यांनी. १९२०च्या दशकाच्या शेवटी न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांनी निरोगी तरुण-तरुणींचं रक्त पद्धतशीर तपासलं आणि त्यासाठी स्वतःची हिमॅटोक्रिट नळीही (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती हे मोजणारी) बनवली. आजारी कोण हे ठरवायचं तर आधी निरोगी माणसं मोजायला हवीत, ही साधी गोष्ट करायला फिअरोर्टनंतर इतका काळ गेला.

पुढे यंत्रं आली. लिओनार्ड स्केग्ज यांच्या कल्पनेतून उतरलेला ऑटोअॅनालायझर १९५७ मध्ये बाजारात आला आणि दशकभरात एकाच नमुन्यावर बारा-बारा तपासण्या होऊ लागल्या, डॉक्टरांनी मागितलेल्या असोत वा नसोत. ‘फुल बॉडी पॅकेज’चं मूळ मला तरी इथेच दिसतं.

त्यातून गणिताची अडचण उघडी पडली. निरोगी लोकांच्या आकड्यांतले मधले ९५ टक्के ठेवायचे, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के वगळायचे, अशी रेंज काढण्याची प्रथा. म्हणजे वीसांतला एक धडधाकट माणूस ठरवूनच बाहेर! एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा रेंजबाहेर पडण्याची शक्यता ६४ टक्के. १९६९ मध्ये फिनलंडच्या राल्फ ग्रेसबेक आणि निल्स-एरिक सारिस यांनी ‘नॉर्मल’ शब्दच सोडून ‘रेफरन्स’ (तुलनेचा आधार) म्हणावं असं सुचवलं. पुढे आंतरराष्ट्रीय शिफारशी आल्या आणि अशा रेंजसाठी किमान १२० माणसं हवीत असा दंडक रुळला. रिपोर्टांनी शब्द बदलला. आपण अजून ‘नॉर्मल आहे ना?’ असंच विचारतो.

त्याच रकान्यात दुसऱ्याच जातीचे आकडेही बसलेत. उपाशीपोटी साखरेची मधुमेहाची रेषा १९९७ मध्ये अमेरिकेत १४० वरून १२६ वर आली. १३० शुगरवाला माणूस त्या वर्षी काहीही न खाता मधुमेही झाला. कोलेस्टेरॉलचा २०० चा आकडा १९८८ चा, आणि तेव्हा अमेरिकेतले निम्म्याच्या आसपास प्रौढ त्याच्या वर होते. या रेषा बहुसंख्यांचं रक्त बघून काढलेल्या नाहीत. कुठल्या आकड्यापुढे डोळ्यांचा पडदा किंवा हृदय धोक्यात येतं, हे बघून ओढलेल्या आहेत.

मग आपल्या लोकांसाठी आपलेच आकडे का नकोत? हिमोग्लोबिनबाबत हा प्रश्न रास्त आहे. २०२१ मध्ये १ ते १९ वयाच्या निरोगी भारतीय मुलांवरून काढलेल्या रेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या रेषांपेक्षा खाली आल्या. त्या लावल्या तर अॅनिमियाचं प्रमाण ३० टक्क्यांवरून १०.८ वर येतं. पण हेच बी-१२ या जीवनसत्त्वाला लावून बघा. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. या मंडळींतून मधले ९५ टक्के उचलून स्थानिक रेंज छापली असती, तर त्या जवळजवळ सगळ्यांचे रिपोर्ट एका रात्रीत स्वच्छ झाले असते. बी-१२ मात्र होतं तेवढंच राहिलं असतं.