एका मुलीची गोष्ट आणि एकशेवीस मुलांचा आकडा

‘जत तालुक्यातील स्थलांतरित ऊसतोड कामगारांच्या १२० पाल्यांच्या शैक्षणिक व निवासी व्यवस्थेकरिता सढळ हस्ते मदत करावी.’ अशा धाटणीची आवाहनं दिवाळीच्या सुमारास सांगली-साताऱ्यातल्या मोबाइलांवर फिरू लागतात. वाक्यात खोटं काही नाही, काम तर सोन्यासारखं. तरीही वाचणाऱ्याचं बोट पुढच्या मेसेजकडे सरकतं. माणूस दगडाच्या काळजाचा असतो म्हणून ते सरकतं, असं नाही.

थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ सालीच याकडे लक्ष वेधलं होतं. सहा वर्षांच्या एका मुलीच्या ऑपरेशनला पैसे हवेत म्हटलं की टपालाने येणाऱ्या पैशांची रीघ लागते. पण कर वाढवला नाही तर सरकारी दवाखान्यांची अवस्था ढासळेल आणि टाळता आले असते असे काही मृत्यू होतील, असं सांगितलं तर कुणी खिशात हात घालत नाही. २००७ मध्ये डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी हेच प्रयोगातून तपासलं. एक प्रश्नावली भरून दिल्याबद्दल लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे दान करा, असं सांगितलं. काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे दिले, काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची माहिती आणि फोटो. आकडेवाल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियावाल्यांनी २.३८. तिसऱ्या गटाला रोकिया आणि आकडे दोन्ही एकत्र दिले, तेव्हा रक्कम १.४३ वर घसरली. म्हणजे गोष्टीला आकड्यांचं ठिगळ लावल्यावर गोष्टच अशक्त झाली.

याचं एक स्पष्टीकरण असं: एका माणसाचं चित्र मन सहज उभं करतं आणि त्यामागून भावना येते. एकशेवीस माणसांचं चित्र उभं राहत नाही, उभा राहतो हिशेब. याच संशोधकांनी काही लोकांना आधी साधी आकडेमोड करायला लावून मग रोकियाची माहिती दिली, तर त्यांनी दान कमी केलं. हिशेबी डोकं एकदा चालू झालं की ते गोष्टीलाही हिशेबच विचारतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या प्रयोगाच्या जोरावर ‘गोष्ट सांगा, पैसे आपोआप येतील’ अशी शिबिरं भरतात. २०१६ मध्ये या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा परिणाम आढळला, पण अगदी लहान. एकच मूल, त्याचा फोटो, गरिबी, आणि अडचणीत त्याचा स्वतःचा दोष नाही, अशा वेळी तो जास्त ठळक होता. २०२३ मध्ये सुमारे हजार लोकांवर मूळ प्रयोग पुन्हा केला, तेव्हा हा परिणाम दिसलाच नाही. ‘गोष्ट ऐकली की मेंदूत ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं आणि हात खिशाकडे जातो’ हे तर शिबिरातल्या स्लाइडवरच बरं दिसतं. त्यामागचा पुरावा इतका भक्कम नाही. गोष्ट नीट सांगावी, पण फक्त तिच्या भरवशावर वर्षाचं अंदाजपत्रक मांडू नये.

वाचतंय कोण, हेही बघावं लागतं. डीन कार्लन आणि डॅनियल वुड यांनी ‘फ्रीडम फ्रॉम हंगर’ या संस्थेच्या देणगीपत्रांवर प्रयोग केला. काही पत्रांत लाभार्थी बाईची गोष्ट होती, काहींत गोष्टीसोबत कामाच्या परिणामाचा शास्त्रीय पुरावा. पूर्वी मोठी रक्कम दिलेल्यांनी पुरावा पाहून जास्त दिलं, लहान देणगीदारांनी कमी. एकूण बेरजेत फरक शून्य. म्हणून पुण्या-मुंबईतल्या कंपनीच्या निधीसाठी पाठवायचा अर्ज आणि तासगावच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराला पाठवायचा मेसेज एकाच फाइलमधून काढू नयेत.

लहान देणगीदारासाठी मागणीचा आकार महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तम उदाहरण साताऱ्यातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांनी मुष्टिफंड चालवला: घरातल्या बाईने रोज मूठभर धान्य बाजूला काढायचं. ‘बहुजनांच्या शिक्षणास हातभार’ ही फार मोठी गोष्ट. मूठभर ज्वारी कुणालाही जमते, आणि ती कुणाच्या ताटात जाणार हेही कळतं. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं, ही हकीकत सातारकरांना वेगळी सांगावी लागत नाही. आपली रक्कम नेमकी कशासाठी जाणार, याचा ठोस तपशील दिला की लोक जास्त देतात, हे सिंथिया क्रायडर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रयोगांतून दाखवलं.

आता सुरुवातीचं आवाहन पुन्हा लिहून पाहू. मजकूर नमुन्यासाठी रचलेला आहे, रकमाही मानीव.

‘रेश्मा (नाव बदललं आहे) चौथीत आहे. दसरा झाला की तिचे आई-वडील टोळीबरोबर वाळव्याकडे ऊसतोडीला जातात. गेल्या वर्षी तीही गेली. दिवसभर कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायची. एप्रिलमध्ये परतली तेव्हा वर्गाचा भागाकार शिकून झाला होता. यंदा ती गावातच हंगामी वसतिगृहात राहू शकते. तिच्या एका महिन्याच्या जेवणाला १,८०० रुपये लागतात. १२० पैकी ९४ मुलांची सोय झाली आहे, २६ उरली आहेत.’

माणूस एकच. अडचण एकच, आणि ती ‘शैक्षणिक नुकसान’ अशी नाही, भागाकार अशी आहे. संस्थेचं नाव, स्थापना, पुरस्कार यांतलं काही नाही. ते खाली सहीत यावं. मागणी एक, रक्कम एक, आणि ती गोष्टीनंतर येते. कीर्तनातही आरतीचं ताट आख्यान संपल्यावरच फिरतं. ‘आर्थिक मदत करा, स्वयंसेवक व्हा, जुनी पुस्तकं द्या’ असे तीन पर्याय दिले की वाचणारा ‘नंतर बघू’ म्हणतो.

शेवटच्या आकड्याला मात्र कारण आहे. १९९७ च्या एका अभ्यासात रवांडाच्या निर्वासितांचे ४,५०० प्राण वाचवण्याचा प्रश्न होता. छावणी अडीच लाखांची असेल तर लोकांना ते काम कमी मोलाचं वाटलं, अकरा हजारांची असेल तर जास्त. जीव तेवढेच, पण प्रमाण बदललं. उद्दिष्ट जवळ आलं की देणग्या वाढतात, असंही आढळलं आहे. म्हणून ‘जिल्ह्यात हजारो मुलं वंचित’ ऐवजी ‘२६ उरली’. आकडा अर्थातच खरा हवा. रोजच्या मेसेजमध्ये ‘शेवटची २६’ यायला लागली की महिन्याभरात लोक ओळखतात.

खरी मेहनत गोष्ट गोळा करण्यात आहे. ‘शिक्षणाचं महत्त्व पटलं का?’ विचारलं तर ‘हो’ एवढंच उत्तर येतं. ‘कोपीवर सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचीस?’ विचारलं की भाऊ, पाण्याची कळशी, शेजारच्या कोपीतली मैत्रीण सगळं येतं. तिचे शब्द तसेच टिपावेत, कार्यालयात बसून प्रमाण भाषेत इस्त्री करू नये. तारखा आणि गैरहजेरी शाळेच्या हजेरीपत्रकाशी ताडून घ्यावी. पालकांशी बोलताना टोळीला कामावर नेणारा मुकादम जवळ नसावा. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, अंगावर असलेला माणूस त्याच्यासमोर मोकळं बोलत नाही.

संमती दोनदा घ्यावी: बोलण्याआधी, आणि लिहिलेला मजकूर आई-वडिलांना व मुलीला वाचून दाखवल्यावर. त्यांनी एखादं वाक्य काढा म्हटलं तर ते कितीही सुंदर असो, काढायचं. रडवेल्या चेहऱ्याच्या फोटोने जास्त पैसे येतात असं दाखवणारा अभ्यास २००९ मध्ये झाला आहे, आणि तरीही तसा फोटो वापरू नये असं आमचं मत आहे. तोच फोटो वर्गातल्या मुलांच्या घरच्या मोबाइलवरही पोचतो. पाठीमागून घेतलेला, वहीवर वाकलेल्या मुलीचा फोटो चालतो. बालगृहातली, काळजी व संरक्षणाची गरज असलेली किंवा अत्याचारग्रस्त मुलं असतील तर प्रश्न मताचा उरत नाही: बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार ओळख उघड करणं गुन्हा आहे. नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, शाळा आणि आईचं काम एकत्र छापलं तरी लहान गावात मूल ओळखू येतं.

पैसे आल्यावर बहुतेक संस्था पावती पाठवतात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत गप्प बसतात. डिसेंबरच्या अखेरीस चार ओळी जायला हव्यात: रेश्मा भागाकाराला पोचली का, वसतिगृहात किती मुलं टिकली. समजा आई आजारी पडली आणि जानेवारीत रेश्माला कारखान्यावर जावं लागलं, तर तेही लिहावं, आणि तिच्या जेवणाचे उरलेले पैसे कुणासाठी वापरले तेही. या पत्रात पैसे मागणारा क्यूआर कोड टाकू नये.