थंड मुलखात डिझेल गाडी नेताना: डिझेल घट्ट झाल्यास काय करावे, काय करू नये

(आमच्या डिझेल पंप-नोझल वर्कशॉपतर्फे ग्राहकांसाठी)

दिवाळीच्या सुट्टीत लडाखला किंवा जानेवारी-फेब्रुवारीत स्पितीला गाडी घेऊन जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. ही माहिती मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. निफाडला पारा ४-५ अंशांवर उतरला आणि सकाळी गाडी उठली नाही, तर दोष बहुधा बॅटरीचा, हीटर प्लगचा किंवा जुन्या फिल्टरचा असतो. तिथली थंडी काही तासांचीच असते, भरलेली टाकी तेवढ्यात गार पडत नाही.

डिझेल घट्ट का होते?

डिझेलमध्ये मूळचेच मेण विरघळलेले असते. गारवा वाढला की आधी डिझेल धुरकट दिसू लागते. आणखी गारठले की मेणाचे बारीक कण फिल्टरच्या कागदावर बसतात आणि फिल्टर तुंबतो. टाकीतले डिझेल न वाहण्याइतके घट्ट होण्याची वेळ त्याच्याही नंतर येते. म्हणजे टाकीत डिझेल पातळ दिसत असतानाही गाडी बंद पडू शकते.

आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात फिल्टर तुंबण्याचे तापमान नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्तीत जास्त ६ अंश आणि इतर महिन्यांत १८ अंश धरले आहे. ऑक्टोबरात खाली मैदानी भागात भरलेली टाकी तशीच लेहपर्यंत गेली, तर आत उन्हाळी डिझेलच असते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात वेगळे हिवाळी डिझेल आणले. ते पानिपत रिफायनरीत बनते आणि उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते.

म्हणून आमचा पहिला सल्ला: वर पोहोचताना टाकी शक्य तितकी रिकामी ठेवा आणि तिथल्या पंपावर, हिवाळी डिझेल आहे का हे विचारून, ती पूर्ण भरा. मात्र मनाली-लेह रस्त्यावर तांदी गावानंतर पुढे शेकडो किलोमीटर पंप मिळेलच असे नाही. तिथे हा हिशेब चालणार नाही, तांदीला टाकी भरावीच लागते. अशा वेळी घट्टपणा रोखणारे अ‍ॅडिटिव्ह आधीच घाला. लेबलवर प्रमाण १:१००० असेल तर ६० लिटरला ६० मिली. आधी अ‍ॅडिटिव्ह, मग डिझेल, म्हणजे ते नीट मिसळते. एकदा मेण धरले की हे औषध ते परत विरघळवत नाही, त्यामुळे उशिरा घालून उपयोग नाही.

निघण्यापूर्वी डिझेल फिल्टर बदला, वॉटर सेपरेटरचे (डिझेलमधले पाणी वेगळे करणारा भाग) पाणी काढा आणि एक जादा फिल्टर सोबत ठेवा. हिवाळी डिझेल असले तरी फिल्टरमधले पाणी गोठू शकते.

बाटलीने तपासा

सेपरेटरच्या ड्रेनमधून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढा आणि रात्री गाडीजवळच उघड्यावर ठेवा. सकाळी ते दुधाळ दिसले तर गाडी हलवण्याआधी थांबा. बाटली उबदार खोलीत आणल्यावर धुरकटपणा गेला तर ते मेण. तळाशी वेगळा थर किंवा थेंब राहिले तर ते पाणी.

गाडी बंद पडली तर

लक्षण ठरलेले असते. सकाळी गाडी चालू होते, दोन-चार मिनिटे नीट चालते, मग चढावर पिकअप जातो आणि बंद पडते. पाइपमधले डिझेल संपेपर्यंतच ती चाललेली असते. स्कॅनर लावला तर रेलचा (नोझलना डिझेल देणाऱ्या दाबाच्या नळीचा) दाब कमी असल्याचा पी००८७ हा कोड दिसतो.

अशा वेळी सेल्फ मारत राहू नका. एका वेळी १० सेकंद, मध्ये २ मिनिटे विश्रांती, असे फार तर तीनदा. कॉमन रेल गाडीच्या हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचेच मिळते. पंप कोरडा फिरला की धातूचा कीस सुटतो, तो इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत जातो आणि काहीशे रुपयांच्या फिल्टरचे काम पूर्ण इंधन यंत्रणा बदलण्यावर जाते.

गाडी उन्हात किंवा वाऱ्याच्या आडोशाला ढकला. कोमट पाण्यात भिजवलेले फडके फिल्टरभोवती गुंडाळा, थंड होताच बदला. उकळते पाणी नको, फिल्टरखालचा प्लास्टिकचा बाऊल तडकतो. कनेक्टर कोरडे ठेवा. टाकी आणि पाइपलाही ऊब द्या. नुसता फिल्टर बदलून निघालात तर काही किलोमीटरवर नवाही तुंबेल. नवीन फिल्टरमध्ये वरून डिझेल ओतू नका. हँड प्रायमरने (हाताने दाबून डिझेल ओढणारा छोटा पंप) भरा. प्रायमर नसेल आणि टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल, तर चावी ४-५ वेळा ऑन-ऑफ करा. गाडी सुरू झाल्यावर १५-२० मिनिटे आयडलवर राहू द्या, रिटर्न लाइनचे गरम डिझेल टाकी उबवते. बंद शेडमध्ये मात्र इंजिन चालू ठेवू नका, विषारी वायूने जीव जातो.

टाकीखाली जाळ पेटवण्याची पद्धत तिकडे दिसते. ती कोणी कितीही खात्रीने सांगितली तरी करू नका, टाकी, पाइप आणि वायरिंग प्लास्टिकचे असते.

रॉकेल मिसळू नका. त्याने पंपाचे वंगण कमी होते, आणि बीएस-६ गाडीच्या एक्झॉस्ट यंत्रणेला १० पीपीएम गंधकाचे डिझेल लागते. पेट्रोल तर मुळीच नको, टाकीत पेट घेणारी वाफ तयार होते.

युरिया (डीईएफ, एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे द्रव) असलेल्या गाड्यांत तो उणे ११ अंशांना गोठतो. हा बिघाड नाही, टाकीचा हीटर तो वितळवतो. गोठताना तो फुगतो, म्हणून टाकी काठोकाठ भरू नका आणि त्यात काहीही मिसळू नका.

परत आल्यावर

उरलेले हिवाळी डिझेल इथे वापरायला हरकत नाही. वाटेत गाडी बंद पडून सेल्फ जास्त मारला गेला असेल, तर तसे आम्हाला सांगा आणि जुना फिल्टर फेकून न देता सोबत आणा. तो कापून कागदावर चमकता कीस आहे का ते पाहतो. कीस सापडला तर नोझलकडे जाण्याआधी पंप उतरवून तपासतो.