पार्श्वभूमी : उभ्या इमारतीची मोजणी

१८५८ साली जर्मनीतल्या वेट्झलारच्या कथीड्रलची मापं घेताना आल्ब्रेख्ट मायडेनबावर हा तरुण वास्तुकार वरून पडता पडता वाचला. उंचावर न चढता छायाचित्रावरून मापं काढण्याचा ध्यास त्याने तिथून घेतला. १८८५ मध्ये बर्लिनला त्यासाठी सरकारी संस्था निघाली. तिच्याकडच्या काचेच्या निगेटिव्ह दुसऱ्या महायुद्धात ढासळलेल्या इमारती सावरताना कामी आल्या.

साध्या घरांची मोजणी मात्र टेप, ओळंबा आणि वही यांवरच चालत राहिली, आणि तिची शिस्त आजही सोडता येत नाही. एका भिंतीवरची सगळी मापं एकाच शून्यापासून सलग घ्यायची. दार, खांब, खिडकी असे दहा तुकडे सुटे मोजले आणि प्रत्येकात ५ मिमीची चूक एकाच बाजूला पडली, तर बेरजेत ५ सेंमी जातात. खोलीचे कर्णही मोजायचेच. चारही बाजू जुळल्या तरी खोली तिरकी असू शकते.

१९९३ मध्ये हातात मावणारा लेझर मीटर, लायका कंपनीचा डिस्टो, बाजारात आला आणि टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागेनासा झाला. त्याच वर्षी अमेरिकेत बेन कासिरा यांनी सायरा ही कंपनी काढली. तिचा सायरॅक्स स्कॅनर समोरच्या पृष्ठभागाचे असंख्य बिंदू टिपायचा. २००१ मध्ये सायरा लायकाकडे गेली. २०१६ साली जाहीर झालेला लायकाचा बीएलके३६० हा स्कॅनर जेमतेम एक किलोचा होता आणि सेकंदाला ३,६०,००० बिंदू घेत होता.

बिंदू वाढले म्हणून अचूकता आपोआप येत नाही. शेजारच्या दोन स्कॅनमध्ये पुरेसा सामाईक भाग लागतो, म्हणून दारं उघडी ठेवून एक स्कॅन उंबऱ्यावरच लावायचा. लांब बोळात एकामागून एक स्कॅन जोडत गेलं की चूक साचते. स्कॅनची फेरी सुरुवातीच्या जागी परत आणून जोडली, तर ही चूक पकडता येते. आरसा आणि काच भिंतीपलीकडे नसलेली खोली दाखवतात. ते बिंदू हातानेच पुसावे लागतात.

सगळ्यात महागात पडते ती त्यापुढची पायरी. नकाशा काढणारा भिंती सवयीने काटकोनात बसवतो, आणि जुन्या भिंतीचा ३ सेंमीचा कल कागदावरून नाहीसा होतो. मग फर्निचर बसत नाही. फॉल्स सीलिंगमागची तुळई तर कोणत्याच स्कॅनला दिसत नाही. तिथली एखादी फळी काढून आत मोजायचं, आणि स्लॅबची जाडी जिन्याच्या मोकळ्या कडेवर प्लास्टर धरून आणि सोडून, अशी दोनदा नोंदवायची.