साबुदाण्यावर खुनाचा आरोप

आषाढी एकादशीला आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एक खून झाला. तो मीच लिहिला होता. भजन आटोपल्यावर फराळाआधी मुलांना गुंतवायला काहीतरी हवं, म्हणून खेळ रचला: उपासाच्या ताटातल्या एका पदार्थात विष आहे, कोणत्या ते शोधा. मयत म्हणून आमचे सेक्रेटरी सतरंजीवर आडवे झाले. डास चावला की मयत पाय खाजवायचं. ते पुरावा म्हणून धरायचं नाही, असं आधीच ठरलं होतं.

माझ्या गोष्टीत विष बदामाच्या दुधात होतं. कडू बदाम, त्यातलं सायनाइड आणि पेल्याला येणारा तो प्रसिद्ध वास. पण मोठ्यांनी मुलांच्या हातून तपास कधी काढून घेतला ते कळलंच नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी पेला हुंगला आणि "बदामाच्या दुधाला बदामाचा नाही तर काय हिंगाचा वास येणार?" असं म्हणून माझा मुख्य पुरावा निकालात काढला. मग बँकेतून निवृत्त झालेले तिसऱ्या मजल्यावरचे काका मोबाइल घेऊन पुढे आले. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून करतात आणि त्या कंदात सायनाइड असतं! आरोपी सापडला: खिचडी. दोघातिघांनी तर हातातली प्लेट खरोखरच खाली ठेवली.

काकांची दोन्ही वाक्यं ढोबळमानाने खरी होती, हीच गंमत. निष्कर्ष तेवढा चुकला. चुकला कुठे, ते सांगायला त्या संध्याकाळी कोणी मला बोलू दिलं नाही, म्हणून हा लेख.

आधी आरोपीची ओळख. मूळचा साबुदाणा म्हणजे आग्नेय आशियातल्या सागो नावाच्या पामच्या खोडातला स्टार्च. आपल्या वाण्याकडे मिळतो तो कसाव्याचा, म्हणजे टॅपिओकाचा, आणि त्यातला बराचसा तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो. कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा, मिरची आणि बटाटाही अमेरिका खंडांतलेच. म्हणजे कांदा-लसूण वर्ज्य करून आपण जे सोवळं ताट वाढतो, त्यातला निम्माअधिक माल समुद्र ओलांडून आलेला आहे. असो.

कसाव्याच्या ताज्या कंदात सायनाइड तयार होऊन बसलेलं नसतं. असतं ते लिनामारिन, म्हणजे ग्लुकोजच्या रेणूला बांधून ठेवलेलं भावी सायनाइड. लिनामारिन पेशीच्या आतल्या रिक्तिकेत, म्हणजे पाण्याच्या पिशवीत, विरघळलेलं असतं. ते तोडणारं विकर (एन्झाइम) आहे लिनामारेज, आणि ते राहतं पेशीभित्तिकेत, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या भिंतीत. घर एकच, पण एका खोलीत रॉकेल आणि दुसऱ्या खोलीत काडेपेटी. कंद अख्खा आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. एखाद्या किड्याने किंवा उंदराने चावा घेतला की भिंती फुटतात, लिनामारेज लिनामारिनमधलं ग्लुकोज छाटून टाकतं आणि उरतं ॲसिटोन सायनोहायड्रिन. हा रेणू मुळातच डळमळीत. पीएच साधारण ५ च्या वर असेल तर तो आपला आपणच मोडतो (आणखी एक विकर त्याला हातभारही लावतं) आणि त्यातून ॲसिटोन आणि हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतं. चावणाऱ्याच्या तोंडातच विष तयार! झाड विष साठवत नाही, विषाचा कट साठवतं.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. आपल्याला वाटतं, कंद चांगला उकळला की विष गेलं. इथे उलटं होतं. लिनामारिन उष्णतेला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण लिनामारेज हे प्रथिन आहे. अंड्याचा पांढरा भाग तापल्यावर गोठतो तसंच तेही तापल्यावर निकामी होतं. अख्खा कडू कंद थेट उकळत्या पाण्यात टाकला, तर आपण विष राहू देतो आणि विष मोडणाऱ्यालाच मारतो. न मोडलेलं बरंचसं लिनामारिन पोटात जातं आणि आतड्यातले जीवाणू राहिलेलं काम पुरं करतात. म्हणून शहाणपणाचा क्रम असा: आधी किसा, मग थांबा, मग तापवा. किसल्यावर रॉकेल आणि काडेपेटी एकत्र येतात, सायनाइड तयार होतं, आणि ते साधारण २६ अंश सेल्सिअसलाच उकळतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पंखा लावूनही खोलीचं तापमान याच्या वर असतं. म्हणजे ते हवेत उडून जातं. विषमुक्त व्हायचं तर आधी विष पुरतं तयार होऊ द्यायचं.

ही थांबण्याची पायरी गाळली तर काय होतं, ते आफ्रिकेने भोगलंय. दुष्काळात किंवा युद्धाच्या काळात घाईने तयार केलेला कडू कसावा आठवडेच्या आठवडे खाल्ला की पायांतली ताकद कायमची जाते. मुलांमध्ये आणि तरुण बायकांमध्ये हे जास्त दिसतं. या आजाराचं नाव कोंझो. काँगोतल्या याका भाषेत अर्थ ‘बांधलेले पाय’. जिओव्हानी ट्रोली या इटालियन डॉक्टरने १९३८ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यावरचा उपायही किसण्या-थांबण्याच्याच जातीचा. ऑस्ट्रेलियातले रसायनशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी सुचवलं की कसाव्याचं पीठ पाण्यात कालवून पातळ थरात पसरायचं, उन्हात दोन तास किंवा सावलीत पाच तास. पिठात उरलेलं लिनामारेज ओलाव्याने पुन्हा कामाला लागतं. ना यंत्र, ना औषध.

आता सेलमच्या कारखान्यात या. तिथे कंद सोलतात, बारीक किसतात, भरपूर पाण्यात धुऊन स्टार्चचं दूध काढतात आणि ते टाक्यांत निवळू देतात. लिनामारिन पाण्यात विरघळतं, स्टार्च विरघळत नाही. वरचं पाणी गेलं की तेही गेलं. खाली बसलेल्या ओल्या स्टार्चचे गोळे वळतात, भाजतात किंवा वाफवतात, वाळवतात. भिजवलेला साबुदाणा बोटांत चिरडून बघा, नुसती पांढरी पेस्ट होते, एक रेषाही लागत नाही. तो कंद उरलेलाच नाही, कंदातून धुऊन काढलेला स्टार्च आहे. तरीही संशयाचा फायदा आरोपीला न देता हिशेब करू. कसाव्याच्या खाण्याच्या पिठात किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सायनाइड नको, असं कोडेक्स हे अन्नपदार्थांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. माणसाला प्राणघातक मात्रा वजनाच्या किलोमागे ०.५ ते ३.५ मिलिग्रॅम धरतात. खालचा आकडा घेतला तरी साठ किलोच्या सेक्रेटरींना ३० मिलिग्रॅम लागेल. साबुदाण्यात कोडेक्सच्या मर्यादेइतकं सायनाइड आहे असं मानलं तरी एका बैठकीत तीन किलो कोरडा साबुदाणा खपवावा लागेल. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात, चाळीसपट नाही.

सायनाइड मारतं कसं, हेही थोडक्यात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकाँड्रिया) श्वसनसाखळीच्या शेवटच्या टोकाला सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं विकर आहे. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देणं हे त्याचं काम. त्यातल्या फेरिक लोहाला सायनाइड चिकटतं आणि साखळी तुंबते. रक्तात ऑक्सिजन भरपूर, पेशीला तो वापरता येत नाही. म्हणून शिरांतलं रक्तही लालभडक दिसतं. यावरच्या उताऱ्यांपैकी एक आहे हायड्रॉक्सोकोबालामिन. ते सायनाइडला धरून सायनोकोबालामिन बनतं, म्हणजेच बी-१२ जीवनसत्त्व. काकांच्या रोजच्या बी-१२ च्या गोळीवर कदाचित हेच नाव छापलेलं असेल. सायनाइड शब्द वाचून दचकायचंच तर आधी स्वतःच्या औषधाच्या डब्यात बघावं.

खरं भ्यायचं तर जर्दाळूच्या बियांना. त्यांत आणि कडू बदामात लिनामारिनचं भावंड असतं, अमिग्डालिन. ‘बी-१७’ म्हणून ते कॅन्सरवर खपवतात. बी-१७ नावाचं जीवनसत्त्वच नाही. अमेरिकेत १७८ रुग्णांवर याची चाचणी झाली, तिचा निष्कर्ष १९८२ मध्ये छापून आला. फायदा काही दिसला नाही, काहींच्या रक्तात मात्र सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोचलं. हे फॉरवर्ड करणारेच खिचडीवर खटला भरतात.

आता माझी कबुली. माझी गोष्टही पोकळच होती. कडू बदामाचा तो गोड वास प्रामुख्याने बेन्झाल्डिहाइडचा, विषाचा नाही. सायनाइडचा वास तर काही माणसांना मुळीच येत नाही. शिवाय माणूस मरायला कडू बदाम डझनांनी लागतील आणि पहिल्याच घोटाला सेक्रेटरींनी तोंड वाकडं करून पेला ठेवला असता.

निकाल लागेपर्यंत मयताने सतरंजीवरच बसून खिचडीच्या दोन प्लेट संपवल्या होत्या आणि वर दही मागितलं होतं. पुढच्या वर्षीसाठी मी अळूचा विचार करतोय, पण त्याने फार तर घसा खवखवतो. तळमजल्यावरच्या काकूंची एक अट मात्र आत्ताच आली आहे: काहीही घ्या, त्यांनी केलेला पदार्थ हत्यार म्हणून वापरायचा नाही.