कूलरमधे बर्फ टाकू नका, समोरची खिडकी उघडा

विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आणि नागपूरचा मे महिना एकाच वेळी अंगावर येतात, हे इथे शिकणाऱ्या कोणालाही सांगायची गरज नाही. नंदनवन असो, प्रतापनगर असो का हिंगणा रोड, पोरं रूम करून राहतात, भाड्याने नाहीतर सेकंडहँड कूलर आणतात, तो खिडकीत बसत नाही म्हणून रूमच्या आतच स्टूलवर ठेवतात, दार-खिडक्या गच्च लावून घेतात आणि थोड्या वेळात कोणीतरी म्हणतंच, "काहीच गार नाही होऊन राहिलं बे, जा बर्फ घेऊन ये." मग दोन-तीन किलो बर्फ येतो, टाकीत पडतो, सगळे जाळीसमोर जाऊन बसतात. अकरावी-बारावीला लेटंट हीटची, म्हणजे बर्फ वितळायला न् पाण्याची वाफ व्हायला लागणाऱ्या उष्णतेची, गणितं सोडवून आलेली मुलंही हेच करतात याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हा लेख.

आणि हा नुसता आरामाचा प्रश्न नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत बोस्टनला उष्णतेची लाट आली होती तेव्हा हार्वर्डच्या संशोधकांनी ४४ विद्यार्थ्यांना रोज सकाळी उठल्याउठल्या मोबाईलवर छोट्या टेस्ट दिल्या. काही जण एसीच्या बिल्डिंगमधे राहत होते, काही बिनएसीच्या. लाटेच्या दिवसांत बिनएसीवाल्यांचा उत्तर द्यायचा वेग साधारण १३ टक्क्यांनी कमी पडला, बेरीज-वजाबाकीही जवळपास तेवढीच घसरली. सगळी तरणीताठी पोरं होती, आणि बोस्टनची लाट म्हणजे आपल्याकडचा साधा मार्च. तेव्हा रूम गार ठेवणं हा अभ्यासाचाच भाग आहे.

आता मुद्द्याचं. कूलरमधे थंडी तयार करणारं काहीच नसतं. पंप पाणी वर चढवून खसच्या ताट्यांवर सोडतो आणि फॅन बाहेरची हवा त्या ओल्या ताट्यांमधून ओढतो, संपलं. पाण्यातले सगळे रेणू सारख्या वेगाने पळत नसतात, काही मंद काही सुसाट, आणि त्यातले जे सुसाट असतात ते शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतात. सुसाट निघून गेले म्हणजे मागे उरलेल्यांची सरासरी ऊर्जा घसरली, आणि तापमान म्हणजे त्या सरासरीचंच माप, म्हणून पाणी गार होतं, आणि ते पाणी शेजारून जाणाऱ्या हवेची उष्णता ओढून घेतं. आपला माठ हेच करतो, फक्त हळू.

या निसटण्याची किंमत किती मोठी आहे ते बघा. १ लिटर पाण्याची आपल्या नेहमीच्या तापमानाला वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. १ किलो बर्फ वितळायला लागतात ३३४. रूमवरचा मध्यम कूलर मेच्या दुपारी तासाला सात-आठ लिटर पाणी सहज उडवतो. ८ लिटर धरले तर तासाला १९,२०० किलोज्यूल, म्हणजे मिनिटाला ३२०. म्हणजे एक किलो बर्फ हे कूलरचं जेमतेम एका मिनिटाचं काम आहे! तीन किलो आणलात तर तीन मिनिटं, वितळलेलं पाणी परत तापेपर्यंतचं धरलं तर चार. त्यातही गारठलेल्या पाण्यातून रेणू कमी निसटतात, म्हणजे तेवढा वेळ कूलरचं खरं काम मंदावलेलं असतं. छतावरच्या टाकीतून उकळतं पाणी येतं म्हणून कूलर गार करत नाही, ही तक्रारही याच हिशेबात निकालात निघते. ४० लिटर पाणी ४५ डिग्रीवरून २४ वर आणायला साधारण ३,५०० किलोज्यूल, म्हणजे दहा-बारा मिनिटांचा मामला. पाणी गरम टाका का गार टाका, थोड्या वेळाने ते एकाच तापमानावर येऊन थांबतं.

ते तापमान कोणतं, हा माझा सगळ्यात आवडता भाग. कॉलेजच्या लॅबमधला साधा थर्मामीटर घ्या, त्याच्या फुग्याला सुती कापडाची ओली पट्टी गुंडाळा आणि टेबल फॅनसमोर धरा. मेच्या कोरड्या दुपारी पारा ४४ वरून भराभर उतरतो, चाळीस, पस्तीस, तीस, मग रेंगाळतो आणि २३-२४ ला थांबतो, त्याखाली काही केल्या जात नाही. का थांबतो? कारण वाहतूक दुहेरी असते. पाण्यातून रेणू बाहेर पडतात तसे हवेतले बाष्पाचे रेणू पाण्यात परतही येतात. पट्टी जसजशी गार होते तसं निसटणं कमी होतं, आणि गरम हवेकडून पट्टीत येणारी उष्णता मात्र वाढत जाते, आणि जिथे जाणारी ऊर्जा आणि येणारी ऊर्जा बरोबर होते तिथे पारा थबकतो. याला वेट बल्ब तापमान म्हणतात आणि कूलरची हवा याच्या खाली कधीच जाऊ शकत नाही, कंपनी कोणतीही असो.

आकड्यात सांगायचं तर ४४ डिग्रीच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ६२ ग्रॅम बाष्प मावतं. सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल तर त्यात असतं फक्त ९ ग्रॅम. केवढी जागा रिकामी! अशा हवेचं वेट बल्ब सुमारे २३, आणि चांगल्या ताट्या ४४ आणि २३ यांच्यातल्या फरकाच्या ८० टक्के गाठतात, म्हणजे ४४ ची हवा २७-२८ ची होऊन बाहेर येते. जुलैत ३२ डिग्री आणि आर्द्रता ८० टक्के घ्या. मावतं ३४ ग्रॅम, आहे २७. वेट बल्ब २९. तोच कूलर आता फार तर अडीच डिग्री उतरवेल आणि वर सगळं चिपचिप करून ठेवेल.

आता बंद रूमचा हिशेब तुम्हीच करू शकता. दहा बाय दहाची रूम, उंची दहा फूट, म्हणजे २८ घनमीटर हवा. कूलर मिनिटाला १३० ग्रॅम पाणी त्यात सोडतोय. हवा कोरडी असली तरी पाचशे ग्रॅमच्या आसपास तिचं पोट भरतं, म्हणजे कागदावर दहा मिनिटं सुद्धा लागत नाहीत. त्यानंतर कूलर तीच ओली हवा परत परत ओढतो आणि तुम्ही स्वतःच्या हाताने मेमधे जुलै आणलेला असतो. म्हणून कूलरची पाठ बाहेर पाहिजे, खिडकीत किंवा गॅलरीत, बाहेरची कोरडी हवा ओढणारी, आणि समोरच्या बाजूला दार नाहीतर खिडकी कूलरच्या तोंडाएवढी तरी उघडी पाहिजे. "गार हवा बाहेर जाईल ना" म्हणून लोक घाबरतात, पण ती जायलाच पाहिजे, ती गेली तर नवी येईल. रूम बघायला जाल तेव्हा मालकाला वायफायच्या आधी हे विचारा की दोन बाजूंना खिडक्या आहेत का.

ऑनलाईन जे पाणी टाकायचे "मिनी एसी" विकतात त्यावरही हाच हिशेब लावा. अर्धा लिटर पाणी पाच तासांत उडालं तर सरासरी ६७ वॅट गारवा. नुसत्या बसलेल्या एका माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता निघते. म्हणजे पैसे घालवून तुम्ही एक अख्खा रूम पार्टनर सुद्धा गार करू शकत नाही.

शरीराचंही हेच तंत्र, घाम म्हणजे आपल्याच पाण्याचा कूलर. परीक्षेला निघताना घरचे खिशात कांदा ठेवायला लावतात, प्रेमाने लावतात, पण खिशातल्या कांद्याने घाम एक थेंबही जास्त उडत नाही. घामाला लागतं पाणी आणि मीठ, तेव्हा कांदा खा आणि बाटली भरून घ्या. वेट बल्ब ३५ च्या वर गेलं की घाम निरुपयोगी होतो असं गणित सांगतं, पण अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या २०२२ च्या प्रयोगांत दमट हवेत तरुण निरोगी माणसांची सहन करायची हद्द वेट बल्ब ३१ च्या आसपासच निघाली. बातम्यांमधे मात्र फक्त साध्या, कोरड्या थर्मामीटरचा आकडा ओरडतो. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात ५६ डिग्री झाल्याची बातमी देशभर फिरली, नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण ती दुसरी बातमी कोण फॉरवर्ड करतो? ॲपमधे तापमानाखाली आर्द्रता लिहिलेली असते, ती बघायची सवय लावा.

एक गोष्ट फार कळकळीने सांगतो. पत्र्याची बॉडी, आत पाणी, आत मोटर, आणि रूमवरच्या जुन्या बोर्डाला अर्थिंग नाही, पिनचा तिसरा पाय कोणीतरी कापलेला. कूलरचा शॉक लागून आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात. पाणी भरताना, पंप हलवताना स्विच बंद करून पिन काढून घ्या, आणि अर्थिंग नसेल तर मालकाशी भांडा.

पाऊस सुरू झाला की पंप बंद करून नुसता फॅन वापरा, वारा लागला की निदान अंगावरचा घाम तरी उडेल. पण टाकीतलं पाणी तसंच सोडून गावी जाऊ नका. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून टाकी रिकामी करा आणि कडा घासून काढा, अंडी तिथेच चिकटलेली असतात.