गोळीतला एन्झाइम पोटात किती टिकतो?

आमच्या शहापुरातल्या शेजारच्या काकू परवा खरबुजाच्या अर्काच्या कॅप्सूल घेऊन आल्या. ‘अँटिऑक्सिडंट एन्झाइम हाय म्हणे. घेऊ काय रे?’

मी बटाटा चिरला. कच्च्या चकतीवर औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब टाकले. पांढरा फेस उसळला. बटाट्यातला कॅटलेज हा एन्झाइम पेरॉक्साइड फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतो. उकडलेल्या चकतीवर तेच थेंब नुसते ओघळले. एन्झाइम म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाची नेमकी घडी. ती मोडली की काम थांबते.

काकूंच्या कॅप्सूलमध्ये सुपरऑक्साइड डिसम्यूटेज होता. त्याचे काम १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी ओळखले, आणि ते फार देखणे आहे. पेशीत ऊर्जा तयार होताना काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटून ऑक्सिजनला चिकटतात. तो झाला सुपरऑक्साइड, पेशीला इजा करू शकणारा. अशांना आवर घालतो तो अँटिऑक्सिडंट. आपल्या पेशींत या एन्झाइमचा जो मुख्य प्रकार आहे, त्याच्या गाभ्यात तांब्याचा अणू असतो. तिथे जाणाऱ्या वाटेवरची धनभारित अमिनो आम्ले ऋणभारित सुपरऑक्साइडला आत ओढतात. तांबे त्याचा जादा इलेक्ट्रॉन काढून घेते, उरतो साधा ऑक्सिजन. तोच इलेक्ट्रॉन पुढच्या सुपरऑक्साइडला मिळतो, दोन प्रोटॉन जोडले जातात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. तांबे पुन्हा जसेच्या तसे, पुढच्या गिऱ्हाइकाला तयार. पेरॉक्साइडचा निकाल मग कॅटलेज लावतो.

गिळलेला एन्झाइम मात्र जठरातल्या आम्लात आणि पेप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या पाचक एन्झाइमच्या तावडीत सापडतो. आमटीतल्या डाळीच्या प्रथिनासारखेच त्याचे तुकडे होतात. म्हणून काही कंपन्या त्याला ग्लायाडिन या गव्हाच्या प्रथिनाचे आवरण देतात. त्यावर छोट्या चाचण्या झाल्या आहेत, काहींत रक्ततपासणीतले आकडे सुधारलेही. पण ‘म्हातारपण थांबते’ हा दावा त्यांतून सिद्ध होत नाही. तो निव्वळ बाजार आहे, आणि भोळ्या माणसांच्या पेन्शनवर चालतो याची मला चीड येते.

अँटिऑक्सिडंट म्हणजे निरुपद्रवी, हाही गैरसमजच. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ साली आला: बीटा कॅरोटीन या गाजरातल्या अँटिऑक्सिडंट रंगद्रव्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. बीटा कॅरोटीन एन्झाइम नव्हे, तरी निपाणीकडच्या बिडी ओढणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

काकूंना सांगितले, तुमच्या पेशी हा एन्झाइम रोज स्वतःच घडवतात. त्याला लागणारे तांबे आणि जस्त तीळ-शेंगदाण्यांत असते. गव्हाच्या ग्लूटेनने आतड्याचा त्रास होणाऱ्यांनी ग्लायाडिनवाली गोळी घेऊच नये. आणि बीपीची गोळी थांबवून तिच्या जागी ही कॅप्सूल, असे तर मुळीच करू नका.